एप्रिलमधली रिकामी जागा

२ मार्च
पेठच्या डोंगरावर, मनोऱ्याची देखभाल. सागाची पानं झडून गेलीत, चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. पळस फुललाय, बाकी सगळं करडं.
रफिकचा पहिला रोजा. तरी वर चढला, सेन्सरची काच पुसली. मी म्हटलं, उद्या केलंस तरी चालेल. "ताई, उद्यापण रोजाच आहे." मालेगावच्या विणकरांच्या घरातला हा पोरगा. मागाच्या खडखडाटाला कंटाळून आमच्याकडे तंत्रज्ञ म्हणून आला. वर शांत वाटतं, म्हणतो.
मनोऱ्याची राखण करणाऱ्या हिरामणची आई, सक्रीबाई, येऊन बसली. वर चढून काय करता, हा तिचा नेहमीचा प्रश्न. रफिकने नेहमीचंच उत्तर दिलं: झाडं हवेतून कार्बन किती घेतात, किती परत सोडतात, ते मोजतो. आजी म्हणे, मग त्यांना सांगा औंदा मोह जास्त सोडा.
परतताना दोघंही हसत होतो. आज एवढंच.

९ मार्च
दिवसभर संगणकावरचं मॉडेल. पावसाळ्यात बरोबर चालतं, मार्च आला की चुकतं. जमीन कोरडी, झाडं बोडकी, तरी मॉडेलला वाटतं की जंगल भरपूर कार्बन सोडतंय. मनोरा सांगतो, तितका नाही.
पुण्याहून सरांचा फोन. प्रकल्प त्यांचा. मनोरा एका डोंगराचं मोजतो, मॉडेलने पेठ-सुरगाण्याच्या अख्ख्या पट्ट्याचं सांगायचं, हे त्यांचं वीस वर्षांपासूनचं वेड. म्हणाले, मार्च सुधार, पण एक लक्षात ठेव, आपल्या मॉडेलला आग माहीत नाही. मनोरा उभा राहिल्यापासून तो डोंगर पेटलेला नाही.
खरं आहे. जे कधी पाहिलं नाही ते त्याला कुठून येणार.

३१ मार्च
ईद. रफिककडे, नाशिकच्या वडाळ्याला. शीरखुर्मा दोन वाट्या झाला, तिसरी त्याच्या बायकोने, नसरीनने, न विचारता भरली. ती घरी ब्लाउज शिवते, मशीनवर अजून कुणाचं तरी अर्धवट काम. त्यांची झोया आता दुसरीत जाईल. नव्या फ्रॉकचा पिको टोचतो म्हणून रडून झालं होतं.
नसरीन म्हणाली, हे घरी येऊन आम्हाला जंगल समजावतात. दिवसा झाडं घेतात, रात्री सोडतात. मी म्हटलं, मग आपल्यासारखंच आहे, दिवसा कमवा, रात्री खर्च करा.
रफिक लाजला. त्याला एवढं हसताना कमी पाहिलंय.

८ एप्रिल
आई देवळ्याहून आली, गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला. माझा संगणक बघून म्हणे, "हाई काय शे?" म्हटलं, जंगलाचा हिशोब. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, रेघ खालीवर होते आहे, म्हणजे जित्तं आहे ते.
मार्च थोडा सुधारला. मातीच्या ओलाव्याचा आकडा बदलला. अजून

(गॅसवर दूध होतं.)

१३ एप्रिल, रविवार
काल लिहिणं झालं नाही. क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यात नुसतं गोल फिरतंय.
काल रफिक बॅटरी बदलायला एकटा गेला होता. मी इथे, गंगापूर रोडच्या ऑफिसात. दुपारी त्याचा फोन. पलीकडच्या उताराला धूर दिसतोय, पाड्यावरचे लोक फांद्या घेऊन विझवायला निघालेत. मी म्हटलं, तू गाडी घेऊन खाली रस्त्यावर ये. "ताई, बायका मोह वेचायला वर गेल्यात. त्यांना उतरवतो आणि येतोच."
मनोऱ्याचं मी काही विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही.
मग मी मनोऱ्याचे आकडे उघडून बसले. रेंज असली की ते इथे दिसतात. कार्बन अजून नेहमीइतकाच होता. वारा आधी आमच्या उतारावरून पलीकडे जात होता, म्हणजे आग दूर ढकलत होता. मला हायसं वाटलं. मग वाऱ्याची दिशा उलटली. कार्बनचा आकडा यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला, आणि नंतर काहीच येईना. फोन लागेना. गाडी काढली.
सावळघाटात समोरून ॲम्ब्युलन्स गेली. मी बाजूला होऊन तिला वाट दिली आणि पुढे निघाले. पाड्यावर पोचल्यावर कळलं तिच्यात कोण होतं.

१५ एप्रिल
नाशिकला, दवाखान्यात. आत एकेकाला सोडतात. नसरीन आणि रफिकचे वडील आळीपाळीने. आज मलाही सोडलं, थोडाच वेळ.
हात आणि पाठ पट्ट्यांत. चेहरा तसाच, तोच. डॉक्टर म्हणतात, कातडीपेक्षा छातीची काळजी आहे, धूर फार गेलाय.
बोलला. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "वारा फिरला, ताई." म्हटलं, माहीत आहे, मी बघितलं. मग विचारलं, आजी? म्हटलं, ठीक आहे, हिरामणसोबत घरी आहे. "आणि दुसरी?"
दुसरी कोण ते मला माहीत नव्हतं. सगळ्या बायका सुखरूप आहेत, असं सांगितलं. डोळे मिटले त्याने.
बाहेर येऊन नसरीनला सांगितलं की बोलला.

१७ एप्रिल
हिरामण आला पेठहून. दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली उभा. आत यायला धजेना.
त्याच्याकडून कळलं ते असं. वारा फिरल्यावर सगळे ओढ्याकडे पळाले. सक्रीबाई वर अडकलेली. रफिकने तिला ओढत ओढ्यापर्यंत आणलं, हिरामणच्या हाती दिलं. तोवर तो धड होता. आजी तेव्हा भ्रमिष्टासारखी बडबडत होती, यमुनी मागं राहिली, यमुनी मागं राहिली. यमुना म्हणजे हिरामणची चुलती. रफिक पुन्हा वर गेला.
मी विचारलं, मग यमुनाबाई?
हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला, "ती कवाच दुसऱ्या वाटंनं उतरली व्हती. घरी भाकरी थापत व्हती. तिला काय ठावं."
त्याला एस.टी.त बसवून दिलं.

१८ एप्रिल
बरा वाटतोय, डॉक्टर म्हणाले. ऑक्सिजन थोडा कमी केला. नसरीनने दोन घास खाल्ले, माझ्यासमोर. आईने डबा दिला होता, खिचडी.

२० एप्रिल
रफिक गेला. सकाळी.

२१ एप्रिल
मालेगाव. माती कालच झाली. मी आज गेले. बायकांच्या खोलीत बसले. त्या माझ्यासाठी सरकल्या, भिंतीशी जागा दिली. कुणीतरी पाणी दिलं. शेजारच्या गल्लीतले माग चालू होते. इथले मात्र बंद ठेवलेले.
नसरीन पांढऱ्या ओढणीत. मला धरून बसली, बराच वेळ. झोया आत्याजवळ झोपलेली.
निघताना रफिकच्या वडिलांनी दारापर्यंत सोडलं. मागावर काम करून त्यांना कमी ऐकू येतं. मी काय बोलले ते त्यांना ऐकू आलं नसावं. आलं नसलं तर बरंच. धड काही बोललेच नाही मी.

२ मे
डोंगरावर, पहिल्यांदाच. सरही पुण्याहून आले. मनोरा उभा आहे. खालच्या वायरी जळाल्या, वरचं सेन्सर काजळलेलं पण शाबूत. जमीन काळी. पाय ठेवला की राख उडते. खोडं कमरेपर्यंत काळी, वर तशीच.
सर मनोऱ्याच्या पायथ्याशी बसले आणि रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. रफिकला त्यांनीच निवडलं होतं, मुलाखतीत त्याला एकच प्रश्न विचारला होता म्हणे, उंचीची भीती वाटते का.
आग कुणी लावली, कशी लागली, कळलं नाही. मोहाखालचा पाला साफ करायला जाळतात काही जण. रस्त्यावरून कुणी बिडी टाकली असेल. वनखात्याची माणसं विचारून गेली. पाड्यावर कुणी काही बोलत नाही. हिरामणही नाही.

११ मे
आज तो दिवस उघडला.
मनोऱ्याच्या आकड्यांत नेहमीच खड्डे असतात. पाऊस आला, बॅटरी गेली, काचेवर कोळी बसला. तेवढे तास बाद करायचे, आणि आजूबाजूचे सारखे दिवस बघून प्रोग्रॅम ती जागा भरतो. वर्षाची बेरीज पुरी व्हावी म्हणून. सगळे असंच करतात, मीही करत आलेय.
१२ एप्रिलची दुपार प्रोग्रॅमने आपोआप बाद केली. एवढा मोठा आकडा जंगलाचा असूच शकत नाही, असं त्याला वाटलं. पुढचे वायरी जळालेले दिवसही कोरेच होते. मग त्याने जागा भरली. शेजारचे दिवस घेऊन एक साधी, उन्हाची, शांत एप्रिलची दुपार काढली. थोडं घेतलं, थोडं सोडलं. रेघ इतकी सुरेख की सांधा कुठे आहे ते मलाही दिसेना.
मी संगणक बंद केला. आईने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

१४ मे
सरांशी बोलले. म्हणाले, वैशाली, बादच ठेव. आगीच्या वेळी मनोऱ्याच्या मोजणीचे नियमच लागू होत नाहीत. शिवाय आपण झाडांची आणि हवेची देवाणघेवाण मोजतोय, आणि हा तर जाळ आहे. शास्त्र म्हणून ते बरोबर आहेत, मला माहीत आहे.
मी म्हटलं, पण मग मॉडेल पुन्हा तेच शिकेल, की या डोंगरावर काही झालंच नाही. सरांनी ते मान्य केलं. मग म्हणाले, वेगळा लेख करता येईल, आगीचा. असा पुरावा आपल्याकडे कुणाकडेच नाही.
पुरावा हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला आणि त्यांनाच लागला. फोन ठेवला त्यांनी.
दोन्ही नको वाटतं. तो दिवस काढून टाकणं नको, आणि त्याच्यावर नाव मिळवणं नको.

२६ मे
नसरीनकडे, वडाळ्याला. ती आता इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मशीन चालू केलंय. गिऱ्हाईक बायका दारात कापड देऊन जातात.
तिचा भाऊ होता. पेपरात काहीतरी आलं होतं, यंत्र वाचवताना तंत्रज्ञाचा मृत्यू, अशा अर्थाचं. तो मला शांतपणे म्हणाला, "मॅडम, मशीन पुन्हा येतं. आमचा माणूस येणार नाही." मी सांगितलं, तो यंत्राजवळ गेलाच नव्हता, माणसांना काढायला गेला होता. त्याने मान हलवली. मी सांगते म्हणून ऐकून घेतलं, पटलं नाही.
नसरीन पडद्यापलीकडे होती. मशीनचा आवाज थांबला होता.
यमुनाबाईचं सांगितलं नाही मी. एका आजीला वाचवलं, एवढंच सांगितलं. एक माणूस वाचलं ही गोष्ट तिच्याजवळ राहू दे. दुसऱ्या फेरीला वर कुणीच नव्हतं, हे कशाला.

७ जून
बकरी ईद. त्यांच्या घरी जायचं धाडस झालं नाही. फोन केला. झोयाने उचलला, अम्मी नमाज पढतेय म्हणाली. नंतर उलट फोन आला नाही.

१९ जून
हिरामणचा निरोप: आई ऐकत नाही, तिला त्या पोराच्या बायकोला भेटायचंच आहे. भाकर धड खात नाही. नेऊ का?
आजी एकदा बोलायला लागली की काय सांगेल ते मला ठाऊक. नसरीनला विचारलं. म्हणाली, येऊ द्या.

२२ जून, रविवार
आज नेलं त्यांना. सक्रीबाई पहिल्यांदाच नाशिकात. धुतलेलं लुगडं, पदरात बांधलेली मोहाची सुकी फुलं. कोपरापासून हाताची कातडी अजून सोललेली. हिरामण बाहेर नसरीनच्या भावाजवळ बसला, आम्ही आत.
आजी जमिनीवर बसली. नसरीनने चटई पुढे केली, तर तिने ती बाजूला सारली. आणि सगळं सांगितलं. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर तिने माझा हात दाबून धरला.
"माला काढला त्यानं. मी बोलले यमुनी मागं हाय. माझ्या बोलण्यानं गेला तो. यमुनी नव्हती वर. कोनी नव्हता. मी मेले असते तर तो असता."
मी नसरीनकडे बघू शकले नाही.
मग नसरीनने विचारलं, "उनको पता था क्या, ऊपर कोई नहीं है?"
आजीला हिंदी कळली नाही. मी सांगितलं. आजी म्हणाली, नाय, त्याला कसं ठावं.
"मग ठीक आहे," नसरीन म्हणाली. "त्याला वाटलं कुणीतरी आहे."
उठली, आजीच्या हाताला काहीतरी मलम लावलं. दोघी रडत होत्या, पण वेगवेगळ्या, आपापल्या.
बाहेर भावाने हिरामणला चहा पाजला होता. गाडीत बसताना भाऊ माझ्याजवळ आला. यंत्राचं मी बोललो ते मनात धरू नका, म्हणाला.
घाटात आजी झोपली. मी गाडी हळू चालवली.

३ जुलै
मला नसरीनसाठी जे लपवायचं होतं ते तिने माझ्यापेक्षा सरळ उचललं. यावर अजून लिहिता येत नाही.
नव्या वायरी बसवल्या. नवा तंत्रज्ञ अजून नाही. मीच वर चढले, अर्ध्यावर शिडीच्या कड्याला धरून थांबले. पुन्हा निघाले. खाली हिरामण.

२४ जुलै
डोंगर हिरवा. जळालेल्या सागाच्या बुंध्यातून मोठमोठी पानं. राखेवर गवत गुडघ्यापर्यंत. मनोरा सांगतो, जंगल भराभर कार्बन घेतंय, दरवर्षीपेक्षा कमी नाही. जमिनीतून सुटतोय तोही जास्त, मुळं कुजताहेत आत.
सर खूश. मॉडेलने जुलै अचूक धरला.
आकडा चांगला आलाय आणि मला त्याचा राग येतोय. जंगलाने थांबायला हवं होतं असं थोडंच आहे. पण इतक्या लवकर.

१५ ऑगस्ट
आई देवळ्याला परत गेली. जाताना म्हणाली, तू त्या पोराच्या नावाने रडत नाहीस, आकड्यांत रडतेस. रागावून नाही, सहजच म्हणाली.
घर मोठं वाटतंय.

३० ऑगस्ट
नसरीनची इद्दत पुरी. तिचा फोन: "ताई, मला तिथे जायचंय. माहेरच्यांना नंतर सांगेन."

७ सप्टेंबर, रविवार
गेलो. ती, मी, हिरामण. झोयाला आत्याकडे ठेवलं होतं. पाऊस नव्हता, धुकं होतं. तेरड्याची फुलं वाटभर.
ओढ्यापाशी हिरामणने दाखवलं, इथवर आणली आईला. मग रफिक सापडला ती वरची जागा दाखवली. तिथे काही नव्हतं, गवत. नसरीन उभी राहिली, हात वर करून दुआ केली. आम्ही मागे थांबलो.
पाड्यावर यमुनाबाई भेटायला आली नाही. घरात होती, दार लोटलेलं. नसरीन त्या दारासमोरून गेली, थांबली नाही, पण पाऊल हळू झालं.
मनोऱ्यापाशी आली तेव्हा वर बघत राहिली. हे इथे चढायचे? म्हटलं, हो. रोज्यात पण? हो. ती पायरीवर बसली. मी शेजारी.
मग मी बोलले. ठरवलं नव्हतं. सांगितलं की त्या दुपारचे आकडे माझ्याकडे आहेत, नियमाने ते काढायचे असतात, आणि काढले की तिथे एक साधा दिवस बसतो. सर काढ म्हणतात. मला ठरवता येत नाही.
ती ऐकत होती. "ठेवलं तर काय होईल?"
"मॉडेलला आग कळेल. पुढे कुठे आग लागली तर जंगल किती जाईल, परत यायला किती काळ लागेल, थोडंफार सांगता येईल."
"आणि माणूस?"
"माणूस त्यात नाही. वारा आहे, उष्णता आहे, कार्बन आहे. तो नाही."
हिरामण खाली गवत कापत होता, त्याचा आवाज येत होता.
"काढलं तर तो दिवस चांगला दिसेल?"
"हो. चांगला दिसेल."
नसरीनने ओढणी नीट केली. "मी विचार करून सांगते," म्हणाली. "मला थोडे दिवस द्या."
मी हो म्हटलं. गाडीत ती झोयाच्या शाळेबद्दल बोलली, पिको-फॉलच्या नव्या मशीनबद्दल बोलली. वडाळ्याला सोडलं, तिने हात केला.

२१ सप्टेंबर
सरांचा फोन, वर्षाच्या अहवालाचा मसुदा कधी. म्हटलं, एका दिवसावर अडलंय. कुठला दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. वाट बघतो म्हणाले.
नसरीनचा फोन नाही. मीही केला नाही.
फाईलमध्ये ती जागा सध्या रिकामी ठेवली आहे. भरलेली नाही, काढलेली नाही. वर्षाची बेरीज त्यामुळे होत नाही.